राजीनामा देण्याआधी

काल रात्री तुझा मेसेज वाचला, नर्सची पर्मनंट सरकारी नोकरी सोडून लोकसभेला उभी राहू का, घरचे म्हणतात वेड लागलंय. घरच्यांचं तुझं तू बघ. हिमतीबद्दल मी काही बोलणार नाही, नाइटला एकटीने अख्खा वॉर्ड काढलायस तू.

मी एकच सांगते. चार्टवर नाही म्हणजे केलेलं नाही. इंजेक्शन दिलंस पण वेळ आणि सही नाही, तर दिलंच नाहीस, हे पहिल्या वर्षाला शिकलीस ना? मग त्या जिल्हाध्यक्षाने फोनवर "तिकीट तुमचंच" म्हटल्यावर नाचतेस कशाला गं! एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने उमेदवारी दिल्याचा सहीचा कागद, हातात पडेपर्यंत तिकीट नाही. राजीनामा नुसता टाकून चालत नाही, मंजुरीची ऑर्डर हातात हवी, नाहीतर छाननीलाच अर्ज उडेल आणि नोकरीचाही घोळ होईल.

एडी बर्निस जॉन्सनचं वाच जरा. टेक्सासची कृष्णवर्णीय नर्स, डॅलसच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलने न बघताच नोकरी दिली आणि ती समोर आल्यावर राहायची खोली नाकारली. तरी तिथेच १६ वर्षं काढली, मानसोपचार विभागाची चीफ नर्स झाली, १९७२ ला राज्याच्या विधानसभेत आणि १९९२ ला थेट अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आली, तिथे निवडून गेलेली पहिली नर्स. ३० वर्षं टिकली, विज्ञान समितीची अध्यक्ष झाली, कॉम्प्युटरच्या चिप बनवायला आणि विज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या २०२२ च्या चिप्स अँड सायन्स कायद्यामागे तिची मेहनत आहे. भाषणं विरतात गं, कलम राहतं. आपला नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ चा, तो बदलणारा नवा कायदा आला २०२३ ला! असलं बिल येतं तेव्हा "हा शब्द इथे नको" म्हणणारी वॉर्डातली बाई सभागृहात बसलेली हवी, म्हणून तू जावंस असं मला वाटतं.

मला हे उशिरा कळलं. बाळंतिणींच्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर, म्हणून आम्ही संपावर बसलो होतो. तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला, म्हणाले शब्द देतो, महिन्यात दोन पोस्ट भरतो. मी बाहेर येऊन मुलींना संपावरून उठवलं. कागद मागितला नाही. महिन्याभरात साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब म्हणाले, कुठे लिहिलंय? मी रिटायर झाले तेव्हाही तिथे रात्री एकच सिस्टर होती. काही जणी अजून म्हणतात मी विकली गेले. नाही गेले. आत बायका कळा देत होत्या, हात लावायला माणूस नव्हतं, ते बघवेना म्हणून उठवलं आणि आजही उठवीन. पण सही घेऊन.

म्हणून चिडते तुझ्यावर, दुसरं काही नाही. रविवारी दुपारी जेवायलाच ये, राजीनाम्याचा मसुदा आण, बघू दोघी मिळून. आणि जिल्हाध्यक्ष फोनवर नक्की काय बोलला ते आज झोपायच्या आधी तारीख-वेळ टाकून वहीत लिही, मग त्याला तेच व्हॉट्सॲप कर आणि तो काय उत्तर देतो ते मला कळव.