डेअरडेव्हिल कधी हसरा, कधी खचलेला. मग खरा मॅट मर्डॉक कोणता?

डेअरडेव्हिल हा मार्व्हल कॉमिक्सचा मुखवटाधारी नायक; दिवसा तो मॅट मर्डॉक नावाचा अंध वकील असतो. तुम्ही विचारलंय की लेखक मार्क वेडचा डेअरडेव्हिल वाचून लगेच लेखक फ्रँक मिलरचा हातात घेतला, तर हा तोच माणूस वाटत नाही; मग खरा कोणता? माझ्या मते हे दोघेही खरे. पण प्रत्येक लेखकाचा मर्डॉक खरा नसतो.

मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. त्यामुळे या अंध वकिलावर माझा जरा जास्तच जीव आहे.

1964 साली स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांनी जे लिहून ठेवलं, ते आधी बघा. बाप बॉक्सर. पोरानं मारामारीत पडू नये, शिकावं, असं वचन तो घेतो. ठरवून हरायला नकार दिला म्हणून त्याचा खून होतो. पोरगा वकील होऊन वचन पाळतो आणि रात्री मुखवटा चढवून तेच वचन मोडतो. इतकंच पक्कं आहे.

आमच्याकडे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचं आख्यान कीर्तनात लावतात. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी उघडली आणि विठ्ठलानं बिदरला जाऊन रक्कम भरली, हे पोरासोरांनाही पाठ असतं. पण एका बुवांचा दामाजी भोळा भक्त असतो. दुसऱ्यांचा दामाजी आपलं काय होणार हे पुरतं जाणून कोठाराचं कुलूप काढणारा अधिकारी. प्रसंग तेच, माणूस निराळा. मर्डॉकचंही तसंच झालंय.

स्टॅन लीला वचन मोडण्यातला आनंद दिसला. त्याचा डेअरडेव्हिल उड्या मारता मारता विनोद करतो. 1967 मध्ये तर आपणच डेअरडेव्हिल असल्याचं गुपित लपवायला माइक नावाचा बडबड्या जुळा भाऊच उभा करतो! मिलर 1979 मध्ये चित्रकार म्हणून आला तेव्हा अंक दोन महिन्यांनी एक निघत होता, विक्री घसरलेली. 1981 पासून लेखनही त्याच्याकडे आलं. त्याला त्याच वचनात अपराधीपण दिसलं, कॅथलिक माणसाचं, आत कुरतडणारं. 1986 मध्ये डेव्हिड मॅझुकेलीच्या चित्रांसह तो पुन्हा आला, तेव्हा किंगपिन या गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्यानं मर्डॉकचं घर, पैसा आणि वकिलीची सनद, सगळं काढून घेतलं. सनद जाणं म्हणजे बापाला दिलेल्या शब्दाचा उरलेला अर्धा भागही जाणं. म्हणून ती कथा इतकी लागते.

मग आला लेखक ब्रायन मायकल बेंडिस. वर्तमानपत्र मर्डॉकचं गुपित छापतं, बातमी शंभर टक्के खरी, आणि हा गृहस्थ साफ नाकारून वर त्यांच्यावरच अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो. वकील म्हणून मला ते वाचताना चीड आली. पण कोंडीत सापडलेला मर्डॉक असं करेल, हे पटतं.

2011 मध्ये वेडनं त्याला पुन्हा हसवलं, आणि माझ्या लेखी सगळ्यात अवघड काम त्याचं. मागचं काहीच त्यानं पुसलं नाही. भागीदार फॉगी विचारतो, हे एकदम काय झालं तुला? तेव्हा कळतं की आनंदी राहायचं हे मर्डॉकनं ठरवलंय. पुढे मार्क वेड त्याचं नैराश्यही उघडपणे दाखवतो. लीचे विनोद आणि मिलरचं दुःख एकाच माणसाचं असू शकतं, हे मला तिथे पहिल्यांदा पटलं. तोच डेअरडेव्हिल असल्याची कुजबुज झालेली असल्यामुळे त्याला कोर्टात उभं राहणं जड जातं, तेव्हा तो अशिलांनाच स्वतःची बाजू मांडायला तयार करतो. असा वकील मला आवडतो.

खोटा कोणता, तर मिलरची फक्त नक्कल असलेला. 1982 मध्ये बुल्सआय या मारेकऱ्यानं मर्डॉकची जुनी प्रेयसी एलेक्ट्राला मारलं. 1999 मध्ये त्याच बुल्सआयनं त्याची दुसरी प्रेयसी कॅरन पेजला मारलं. तिथे मर्डॉकबद्दल नवं काही कळत नाही, फक्त त्याला आणखी एकदा मोडलं जातं. अशानं स्वभाव घडत नाही.

तुम्ही मिलर आणि वेड दोन्ही वाचलेत, तर आता लेखक चिप झडार्स्कीचा 2019 पासूनचा डेअरडेव्हिल घ्या. त्यात त्याच्या हातून नकळत एक भुरटा चोर मरतो, आणि पुढे तो गुन्हा कबूल करून तुरुंगात जातो. त्याआधी बेंडिसचा तो दाव्याचा भाग मात्र जरूर वाचा.