घरात फक्त डंबेल आहेत. ४४व्या वर्षी तेवढ्यावर ताकद वाढेल का?

वाढेल. पण तुमच्याकडे आहेत त्या ३-३ किलोंवर फार दिवस वाढणार नाही, हे आधीच सांगते.

तुम्ही लिहिलंय की मुलाने आणलेली जोडी घरात पडून आहे, जिम परवडत नाही, कुठले व्यायाम करू, रोज करू का, फरक किती दिवसांत दिसेल. आणि शेवटी लिहिलंय की सासरची माणसं म्हणतात, बायकांनी या वयात वजनं उचलू नयेत. ते शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तर लिहायला बसले नसते.

मी काळाचौकीला चाळीत राहते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. २०१८ साली मी तुमच्याच वयाची होते. जुलै महिना, रात्रीचे साडेदहा, बाहेर धो धो पाऊस. ह्यांची रात्रपाळी, मुलगी शिकायला पुण्याला. सासूबाई मोरीत पाय धुवायला गेल्या आणि घसरल्या. धावत गेले तर भिंतीला टेकून बसलेल्या, एक पाय दुमडलेला, लुगडं चिंब, वरून नळ चालूच. हाड मोडलं नव्हतं, पण उठता येईना. मी पुढून दोन्ही हात धरून ओढलं. मागून काखेत हात घालून पाहिलं. वीतभर वर यायच्या आणि पुन्हा खाली बसायच्या. त्यांचं वजन किती, तर ४८ किलो. वीस मिनिटं आम्ही दोघी त्या एवढ्याशा मोरीत झगडत होतो आणि माझे हात थरथरायला लागले.

शेवटी मी गॅलरीत जाऊन हाक मारली. शेजारचे दोघे जण आले. भली माणसं, त्यांनी उचलून पलंगावर ठेवलं आणि मान खाली घालून निघून गेले. पण सासूबाईंचं लुगडं गुडघ्यांच्या वर गेलेलं, पदर जागेवर नाही, आणि या बाईने चाळीस वर्षं त्या घरांसमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिलेला नव्हता. दोन दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना भाकरीचा तुकडा हातात धरून एवढंच म्हणाल्या, "बाहेरची माणसं बोलावलीस."

ते वाक्य मला अजून लागतं. त्या बोलल्या ते चूक नव्हतं. घरात धडधाकट सून असताना ही वेळ यायला नको होती.

महिनाभराने मी एका जिममध्ये बायकांच्या बॅचला नाव घातलं. ट्रेनरने हातात एक-एक किलोचे गुलाबी डंबेल दिले. बाजूने वर, खाली, वीस वेळा. पुढून वर, खाली, वीस वेळा. सहा महिने तेच. मी दोनदा सांगितलं की मला माणूस उचलता यायला हवा. तो म्हणाला, "मॅडम, लेडीजला टोनिंग बस झालं. जास्त वजन घेतलं तर बॉडी जेन्ट्ससारखी होते." अहो, गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचं वजन धरलं तर तीसेक किलो होतात, आणि ती टाकी दारापासून ओट्याखाली बायकाच सरकवतात. आम्हाला एक किलो कशाला? सहा महिने पैसे भरूनही मी मोरीतल्या त्या रात्री होते तेवढीच दुबळी होते.

बॉडी पुरुषांसारखी होते ही भीती तर डोक्यातून काढूनच टाका. बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच थोडं असतं. आठवड्यातून तीन दिवस अर्धा-पाऊण तास वजन उचलून चुकूनमाकून दंड फुगत नाहीत.

आता कामाचं. भाच्याला घेऊन मी धोबीतलावला खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले आणि सुटे डंबेल आणले. दोन दांडे, अडीच किलोच्या आठ प्लेटा, सव्वाच्या चार. लोखंडीच घ्या. प्लास्टिकच्या वेष्टनात सिमेंट भरलेल्या प्लेटा स्वस्त असतात, पण जाड असल्यामुळे दांड्यावर कमी बसतात आणि पुढे वजन वाढवायला जागा उरत नाही. दोघांनी वाटून पिशव्या घेतल्या, सीएसएमटीहून कॉटन ग्रीनला उतरलो, आणि घरापर्यंत मी किती वेळा पिशवी खाली ठेवली ते मोजलं नाही. वजन हातात लटकवून ताठ चालणं हाही एक पूर्ण व्यायाम आहे, हे मला नंतर कळलं. पकड, खांदे, पोट, सगळं त्यात लागतं.

तुमच्या ३ किलोंचं काय? खांद्यांसाठी पहिले दोन-तीन महिने पुरतील. पायांना मात्र पहिल्याच आठवड्यात ते कमी पडतील. तोवर एका पायावर जास्त भार येईल असे प्रकार करा, खाली जाताना मनात चार मोजा, आणि आणखी दोनच होतील असं वाटेपर्यंत करत राहा. हलक्या वजनाने थकेपर्यंत केलं तरी स्नायू वाढतो. पण जड उचलायची ताकद जड उचलूनच येते.

मी पाचच प्रकार करते आणि सहा-सात वर्षं तेच करतेय. डंबेल छातीशी उभा धरून स्टुलावर बसल्यासारखं खाली जायचं आणि उठायचं. दोन्ही हातांत डंबेल धरून कमरेतून वाकायचं, पाठ सरळ, ढुंगण मागे, वजन मांड्यांना घासत नडगीपर्यंत, मग वर. एक हात पलंगावर टेकून दुसऱ्या हाताने वजन कमरेकडे ओढायचं. उभं राहून डोक्यावर ढकलायचं. आणि जमिनीवर उताणं झोपून छातीवरून वर ढकलायचं. प्रत्येकाचे तीन सेट, एका सेटला ८ ते १२ वेळा. तिन्ही सेटमध्ये १२ व्हायला लागले की पुढच्या वेळी थोडं वजन वाढवायचं आणि पुन्हा ८ पासून सुरुवात. हे वाढवणंच सगळ्यात महत्त्वाचं. वर्षभर त्याच वजनावर राहिलात तर शरीराला बदलायचं काही कारणच राहत नाही. कॅलेंडरच्या चौकोनात तारखेखाली आकडे लिहून ठेवा, आठवणीवर विसंबू नका. मी ५ किलोंपासून सुरुवात केली, आता स्टुलावरून उठते ते २० किलो छातीशी धरून.

रोज नको. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधला दिवस स्नायू भरून यायला लागतो. पहिल्या महिना-दीड महिन्यात जी ताकद वाढते ती बरीचशी मेंदू आणि नसांच्या शिकण्याची असते. म्हणून आरशात काही दिसलं नाही तरी बादली हलकी लागायला लागते. आणि खाण्यात प्रथिनं बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम. व्यायाम करणारीने त्याहून थोडं जास्तच घ्यावं. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. वरण-भातावर एवढं भागत नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते खायचं ही सवय मोडा.

आता तुमच्या सासरच्या माणसांबद्दल, आणि माझ्याही.

डंबेल मी शिलाई मशीनच्या मागे ठेवते, वर जुनी चादर टाकून. २०२० च्या संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. थोरल्या जाऊबाईंनी चादर उचलली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही काय थेरं या वयात? अंग बाहेर येईल, मग बसशील रडत." अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकणं. मी वाण वाटत होते. हातात तिळगुळाचं ताट, तोंडातून शब्द फुटला नाही. पाहुण्यांसमोर थोरल्यांना उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धत नाही. पण ते उत्तर तेव्हापासून घशात अडकलंय, आज इथे लिहिते.

याच जाऊबाई आमच्या मजल्यावर पाणी चढत नसे तेव्हा खालच्या टाकीवरून दोन हंडे आणायच्या, एक डोक्यावर, एक कमरेवर. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे नुसतं पाणीच पंधरा किलो. धाकट्याच्या वेळी बाळंतपणानंतर दोन महिन्यांतच पुन्हा सुरू केलं होतं. तेव्हा अंग बाहेर यायची काळजी कुणी केली नाही, त्यांनीही नाही. घरासाठी उचललं तर ते काम, स्वतःसाठी उचललं तर थेरं. मला हे मान्य नाही आणि तुम्हीही मान्य करू नका.

पाळी जायच्या सुमाराला हाडं झपाट्याने विरळ होतात. स्नायू त्याआधीपासूनच उतरणीला लागलेले असतात. वजन उचलल्याने हाडांनाही जोर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात सगळ्या प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगितलाय, बाई-पुरुष असा फरक केलेला नाही. ६५ च्या पुढे तर तोल आणि ताकद दोन्हींचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितलाय. म्हणजे या वयात नको म्हणणाऱ्यांचं बरोबर उलटं. आमच्या गिरणगावात व्यायामशाळा काही कमी नव्हत्या. आमच्या गल्लीतल्या व्यायामशाळेत पोरं जोर-बैठका मारायची, मुदगल फिरवायची आणि आम्ही मुली खिडकीच्या गजांतून बघायचो. आत या असं कुणी म्हटलं नाही. तेव्हा म्हटलं असतं तर चव्वेचाळिसाव्या वर्षी शून्यापासून सुरुवात करावी लागली नसती.

२०२१ मध्ये सासूबाई पुन्हा पडल्या, पलंगाशेजारी. या वेळी मी ओढाताण केली नाही. आधी कुठे दुखतंय ते विचारलं, पाय हलवून पाहायला सांगितलं. कमरेभोवती ओढणी घट्ट बांधली, त्यांना कुशीवर वळवलं, मग गुडघ्यांवर आणलं. समोर खुर्ची ठेवून त्यांचे दोन्ही हात तिच्या बैठकीवर टेकवले. मी त्यांच्या मागे उभी राहून, वाकून ओढणी धरली, पाठ सरळ, ढुंगण मागे, आणि मांड्यांच्या जोरावर उठले. तोच व्यायाम, फक्त दांड्याच्या जागी ओढणी. खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी पदर सारखा केला आणि मग पाणी मागितलं. त्या दिवशी गॅलरीत जाऊन कुणाला हाक मारावी लागली नाही.

आता त्या त्र्याऐंशीच्या आहेत आणि रोज खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठतात-बसतात. हे त्यांनी स्वतःहून सुरू केलं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ब्लडप्रेशर असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा, आणि असो वा नसो, उचलताना श्वास कोंडू नका, वर जाताना सोडा. ज्यांना खरोखर अंग खाली येण्याचा त्रास आहे, खोकताना लघवी सुटते किंवा खाली जड वाटतं, त्यांनी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं. तो त्रास खरा असतो, त्याला मी नावं ठेवत नाहीये. कमरेतून पायात कळ जात असेल तरी तसंच. आणि पडलेल्या माणसाला खुब्यात दुखत असेल किंवा एक पाय आखूड, बाहेर वळलेला दिसत असेल तर अजिबात उचलू नका, अँब्युलन्स बोलवा.

पोट कमी होईल का, असंही तुम्ही विचारलंय. नुसत्या डंबेलने नाही होत, त्यावर मी फार काही लिहीत नाही.

चाळीत किंवा जुन्या इमारतीत असाल तर खाली दुमडलेली गोधडी घाला आणि डंबेल आपटू नका, खालच्या मजल्यावर आवाज जातो. धोबीतलावला जाल तेव्हा दांड्यावर नट शेवटपर्यंत फिरवून बघा. आमच्या एका दांड्याचे आटे खराब निघाले, डोक्यावर धरला असताना प्लेट सरकली, आणि बदलून आणायला पुन्हा जावं लागलं.