प्रश्न तुमचे: फक्त मांसाहार आणि रक्ताचे रिपोर्ट

धान्य, डाळी, भाज्या, फळं सगळं बंद करून महिनोन्‌महिने फक्त मटण, चिकन, मासे आणि अंडी यांवर राहणाऱ्या वाचकांचे प्रश्न सतत येतात. हा आहार करावा की नाही, हा आजचा विषय नाही. जे करताहेत त्यांनी काय मोजावं आणि कुठला आकडा किती मनावर घ्यावा, एवढंच पाहू. एक प्रश्न घाईचा आहे, तो आधी.

डायबिटीससाठी डापाग्लिफ्लोझिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. सोमवारपासून फक्त मांसाहार सुरू करतोय. आधी कुठल्या टेस्ट करू?
— एक वाचक, सोलापूर

टेस्टचं नंतर, आधी गोळ्यांचं बघा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नका आणि मनाने गोळ्या बंदही करू नका. ग्लिमेपिराइड पोटात कर्बोदकं असोत-नसोत, इन्सुलिन सोडायला लावतं. त्यामुळे साखर एकदम खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनचा धोका वेगळा आणि जास्त फसवा. ते लघवीवाटे साखर बाहेर टाकतं. त्यात कर्बोदकं बंद झाली की कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढत जाऊन रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर 150-200 च दिसते. माणूस निर्धास्त राहतो तो इथेच. त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिन या गोळीचंही तेच.

मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप यांपैकी काही झालं तर साखर कितीही असो, थेट दवाखाना गाठा. घरी मोजायचे असतील तर रक्तातले कीटोन मोजा. 3 मिलिमोलच्या वर आकडा आणि अशी लक्षणं म्हणजे वाट पाहायची नाही. लघवीच्या पट्टीवर विसंबू नका, महत्त्वाचा कीटोन तिला दिसतच नाही. बीपीची गोळी असेल तर तिचा डोसही आधीच विचारून ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत मीठ-पाणी बरंच बाहेर पडतं आणि उभं राहिल्यावर चक्कर येते.

आठ महिने झाले. 80 टेस्टचं पॅकेज दर तीन महिन्यांनी करतो, दर वेळी चार-पाच आकडे लाल येतात. हे ठीक आहे का?
— एक वाचक, नाशिक

80 टेस्टमध्ये चार लाल आकडे अगदी धडधाकट माणसालाही येतील. ‘नॉर्मल’ची पट्टी बहुधा निरोगी लोकांपैकी 95 टक्के आत बसतील अशी आखलेली असते, उरलेले पाच टक्के निरोगी असूनही बाहेर पडतात. पॅकेज सोडा, कमी आणि नेमकं मोजा.

सर्वांत मोलाचा रिपोर्ट आहार सुरू करण्यापूर्वीचा. तो कपाटात असेल तर शोधून काढा. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि सगळं स्थिर असेल तर वर्षातून एकदा, एवढं बहुतेकांना पुरतं. त्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) आणि अॅपो-बी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या घातक कणांवरचं प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम-पोटॅशियम, यकृताची एन्झाइम्स, युरिक अॅसिड, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइड), ड जीवनसत्त्व आणि सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. लायपोप्रोटीन-ए, हाही कोलेस्टेरॉल वाहणारा कण, आयुष्यात एकदा पुरे, ते आनुवंशिक असतं.

फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट, तीही बघा, पण एकटी नाही. अंगात सूज किंवा यकृतात चरबी असली तरी ते चढतं. सोबत सीआरपी (सुजेची खूण) आणि ट्रान्स्फरिन सॅच्युरेशन (लोह वाहणारं प्रथिन किती टक्के भरलंय) घ्या. सॅच्युरेशन 45 टक्क्यांच्या वर राहत असेल तर लोह खरंच साठतंय का, हे डॉक्टरांनी तपासायला हवं.

दर वेळी लॅब तीच, वेळ तीच, उपास 12 तासांचाच. आदल्या दोन दिवसांत जिममध्ये अंग मोडेपर्यंत वजनं उचलू नका, नाहीतर एएसटी-एएलटी ही एन्झाइम्स स्नायूंतूनही वाढतात आणि दोष यकृताला लागतो.

एलडीएल 236, एचडीएल 78, ट्रायग्लिसराइड 62. वजन 61 किलो, उंची पाच फूट नऊ. मित्र म्हणतात, ट्रायग्लिसराइड कमी असतील तर एलडीएलकडे बघायचंच नाही.
— एक वाचक, पुणे

मित्रांचं ऐकू नका. सडपातळ, हालचाल भरपूर आणि कर्बोदकं जवळजवळ शून्य, अशा लोकांत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, असं उसळलेलं दिसतं हे खरं. पण उसळण्याचं कारण कळलं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. धमनीच्या भिंतीत शिरतात ते अॅपो-बी असलेले कण, आणि ते मोजण्याची टेस्ट सरळ आहे.

पुष्कळ लॅब एलडीएल मोजत नाहीत, गणिताने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड फार कमी असले की हे गणित थोडं चुकतं. पण थोडंच. तुमच्या आकड्यांवरून एकूण कोलेस्टेरॉल 326 च्या आसपास येतं, त्यातून एचडीएलचे, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलचे, 78 गेले की बाकीचं 248 उरतं. तिथे पाच-दहा इकडेतिकडे झाल्याने काही बदलत नाही.

वजन महिनाभर स्थिर असताना पुन्हा रक्त द्या. वजन झपाट्याने उतरत असतानाचा किंवा दीड-दोन दिवसांच्या उपासानंतरचा लिपिड रिपोर्ट बिनकामाचा. सोबत अॅपो-बी, लायपोप्रोटीन-ए आणि टीएसएच करा. थायरॉइड मंदावलं तरी एलडीएल चढतं. आहाराआधीच एलडीएल 190 च्या वर होतं का, घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला का, हेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे, दक्षिण आशियाई लोकांत, हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. ‘कॅल्शियम स्कोअर (सीटी स्कॅनवर धमन्यांत दिसणारं कॅल्शियम) शून्य आला’ यावरही तिशी-पस्तिशीत निवांत होऊ नये. मऊ थर त्यात दिसत नाहीत.

उपाय आहारातूनच सुरू करता येतो. चरबीचं मटण कमी करून मासे वाढवा. अंगाने बारीक असलेल्यांनी रोज 50 ते 100 ग्रॅम कर्बोदकं परत घेतल्यावर एलडीएल बरंच उतरल्याच्या नोंदी आहेत. मग आहार ‘फक्त मांसाहार’ राहत नाही, हे मान्य. पण निष्ठा आहाराशी ठेवायची की धमन्यांशी, हा प्रश्न तुमचा.

क्रिएटिनिन 1.3, युरिया 52 आलं. किडनी खराब होतेय का?
— एक वाचक, कोल्हापूर

एवढ्यावरून सांगता येत नाही. शिजवलेल्या मांसातूनच क्रिएटिनिन पोटात जातं आणि काही तास रक्तात वर राहतं. रात्री दहाला पाव किलो सुकं मटण आणि सकाळी सातला रक्त, म्हणजे आकडा वर येणारच. आदल्या संध्याकाळी लवकर आणि मांस टाळून जेवा, मग पुन्हा करा. शंका उरली तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्तटेस्ट करा. त्यावर मांसाचा परिणाम होत नाही. थायरॉइड आणि स्टिरॉइड गोळ्यांचा मात्र होतो.

युरिया प्रथिनांबरोबर वाढतं, पाणी कमी प्यायलात तर आणखी. परदेशी तक्त्यांत ‘बन’ (BUN, युरियातला फक्त नायट्रोजन) असतं, आपल्याकडे बहुधा युरिया. बनला 2.14 ने गुणलं की युरिया येतं, म्हणजे तुमचं 52 हे बन सुमारे 24. दोन्हींची सरमिसळ करून घाबरलेले बरेच असतात.

खरी खूण लघवीत. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, म्हणजे लघवीतून प्रथिन किती गळतंय ते, ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमच्या खाली हवं. ते तीन महिन्यांत तीनपैकी दोनदा वर आलं, तर किडनीच्या डॉक्टरांकडे जा. ताप, लघवीचा संसर्ग किंवा पाळी असताना ही टेस्ट नको.

युरिक अॅसिड सुरुवातीचे काही आठवडे वाढतं, कारण मूत्रपिंडातून बाहेर पडताना कीटोन त्याची वाट अडवतात. बहुतेकांत नंतर उतरतं. पण पूर्वी गाउट (युरिक अॅसिडमुळे सांधे सुजणं) किंवा मूतखडा झाला असेल तर कलेजी आणि तारलीला हात आखडता घ्या, आणि दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या.

साखर-भात वर्षभर बंद, तरी उपाशीपोटी साखर 104. असं कसं?
— एक वाचक, नागपूर

कर्बोदकं नसली की स्नायू साखर कमी वापरतात आणि यकृत पहाटे ती तयार करत राहतं. उपाशीपोटीचं इन्सुलिन कमी आणि जेवणानंतरची साखर सपाट असेल तर 104 ची फार चिंता नको. एचबीएवनसी बघताना मात्र जपून. विदर्भात सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो, आणि लाल पेशी लवकर मरत असतील तर एचबीएवनसी खोटं कमी येतं. अशा वेळी लॅबला फ्रुक्टोसामीन (गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर दाखवणारी टेस्ट) सांगावं. ग्लुकोज पाजून करायची टेस्ट असेल तर आधी तीन दिवस रोज किमान 150 ग्रॅम कर्बोदकं खा, नाहीतर डायबिटीस नसतानाही रिपोर्ट तसा येऊ शकतो.

तिसऱ्या दिवसापासून जुलाब आणि मळमळ. मटण ताजं असतं.
— एक वाचक, सातारा

मटण ताजं आहे, पण कोरडं आहे. बोकडाच्या चरबी काढलेल्या मटणात 100 ग्रॅमला साधारण 20 ग्रॅम प्रथिनं आणि तीनच ग्रॅम चरबी. म्हणजे पाऊण ऊर्जा प्रथिनांतून, आणि तेवढी प्रथिनं यकृताला पेलत नाहीत. 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलच्या देखरेखीखाली आर्क्टिक संशोधक विल्हाल्मुर स्टेफान्सन वर्षभर फक्त मांसावर राहिले. सुरुवातीला त्यांना मुद्दाम चरबीविरहित मांस दिलं, तर तिसऱ्याच दिवशी हाच त्रास. चरबी वाढवल्यावर थांबला. छातीचे, बरगड्यांचे तुकडे मागा, अंडी आणि बांगडा वाढवा. चरबी वाढवलीत की तीन महिन्यांनी अॅपो-बी करायचंच. आणि आठवड्यात जुलाब थांबले नाहीत, ताप आला किंवा रक्त दिसलं, तर ते आहाराच्या नावावर खपवू नका. शौचाची तपासणी करा.