देव जातीने आला, एवढं धरून ठेव

बाय, तुझा मेसेज वाचला. ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, तुमची ती देहधारणा, म्हणजे देवाने माणसाचं शरीर घेणं, आमच्या अवतारासारखंच ना, आणि तू "हो, तसंच" म्हणून विषय मिटवलास. पुढच्या वेळी जरा थांबून सांग गं, मनापासून विचारणाऱ्याला अर्धं उत्तर देऊ नये.

तिच्या श्रद्धेशी तुलना करत बसू नको, आपलं काय ते सांग. आपण ख्रिस्ती मानतो की देव एकदाच माणूस झाला, तो येशू, जन्म हेरोद राजाच्या काळात, मरण पिलात नावाचा रोमन सुभेदार असताना, आणि (हे आपल्यातलेही बरेच जण विसरतात) ते शरीर त्याने नंतर उतरवून ठेवलं नाही. मेलेल्यातून उठल्यावरही आपल्या शिष्याला, थोमाला, हातावरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवल्या ना! म्हणजे माणूसपण चार दिवसांचं नव्हतं, घेतलं ते कायमचं.

पहिल्या शतकांत काही जण म्हणायचे की देव कसा दमेल, कसा रडेल, तो नुसता भास असणार. चर्चने ते ठाम नाकारलं, आणि ४५१ साली खाल्सेदोनला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत स्पष्ट शब्दांत मांडलं की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, अर्धा-अर्धा नाही. एवढी डोकेफोड कशाला म्हणशील, तर नाझियान्झसचा ग्रेगरी हा बिशप त्याच्याही आधी सांगून गेला होता की माणसाचं जे काही देवाने स्वतःवर घेतलं नाही ते बरं झालंच नाही. आपली भूक, भीती, मरण यातलं काही त्याने बाहेर ठेवलं असतं तर ते तसंच पडून राहिलं असतं. मला यापेक्षा मोठा दिलासा माहीत नाही.

आपल्याकडे डिसेंबरात नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी पेरतात, वाटीत हिरवी रोपं वर येतात, रात्री बाळ येशू ठेवतात, सगळं छानच, पण तिथेच थांबू नको. त्यानंतर नाझरेथात कितीतरी वर्षं सुतारकाम आहे, ज्याबद्दल बायबल जवळजवळ काही बोलत नाही. रंधा मारणं, हाताला घट्टे पडणं, तेही देवाचंच जगणं होतं.

फादर स्टीफन्स बघ, १५७९ ला इंग्लंडचा हा माणूस गोव्यात आला आणि ही सगळी कथा मराठी ओव्यांत लिहिली, १६१६ ला गोव्यातल्याच रायतूरला छापली. लोकांपर्यंत जायचं तर त्यांच्यात शिरावं लागतं, हे त्याला नीट कळलं होतं.

आणि आता तुझ्या आजीचं. तू रोज तिच्यासाठी रोझरी म्हणतेस, पण तिची ती अवस्था बघवत नाही म्हणून जात नाहीस असं लिहिलंस. रोझरी सोडू नको, पण जा. देवाने लांबून निरोप पाठवून भागवलं नाही, तो जातीने आला. तिचे केस विंचर, पेज भरव, नखं काप. बोलायला सुचलं नाही तरी चालेल.

मैत्रीण पुढे नक्की विचारेल की मग देव मरतो कसा. घाबरू नको. सांग की मरण त्याला माणूसपणात आलं, देवपण मरत नाही, पण क्रूसावर मेला तो दुसरा कोणी नव्हे, तोच देवाचा पुत्र. बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय दोघी मिळून वाचा, चौदाव्या वचनापाशी ("शब्द देही झाला") अडलात तर रविवारी मिस्सा झाल्यावर तिला घेऊन ये माझ्याकडे.

तुझा अंकल