कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीच्या मानेवर लावलं, दोन तासांत ती थरथरायला लागली. काय करू?

औषधाच्या खोक्यावरच्या घटकांत ‘परमेथ्रिन’ (मांजरीला विषारी ठरणारं कीटकनाशक) आहे का, ते आत्ता बघा. असेल तर सकाळपर्यंत थांबू नका. कान सारखे फडफडणं, लाळ, हात लावताच दचकणं ही विषबाधेचीच सुरुवात आहे. पुढे थरथर वाढते, तोल जातो, आकडी येते.

आकडी सुरू असेल तर अंघोळीत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. नसेल तर हातमोजे घाला आणि जिथे औषध लावलंय ती जागा कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुवा. औषध तेलकट असतं, नुसत्या पाण्याने निघत नाही. केसांचा चिकटपणा जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा. पाणी कोमटच हवं. गरम पाण्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढून औषध जास्त शोषलं जातं, आणि अंग गार पडलं तर या विषाचा जोर वाढतो. म्हणून लगेच टॉवेलने कोरडं करा आणि गुंडाळूनच न्या. दूध, तेल पाजू नका, उलटी करवू नका. थरथरत्या मांजरीच्या घशाखाली घातलेलं फुफ्फुसात जाऊ शकतं.

निघतानाच डॉक्टरांना फोन करून ‘मांजर, परमेथ्रिन’ हे दोन शब्द सांगा आणि मेथोकार्बामॉलचं इंजेक्शन आहे का, विचारा. थरथर आटोक्यात आणायला ते सगळ्यात उपयोगी पडतं, पण छोट्या दवाखान्यात बरेचदा नसतं. आकडीवरच्या नुसत्या डायझेपामने पुष्कळदा भागत नाही. ॲट्रोपिन हा यावरचा उतारा नाही, ते दुसऱ्या जातीच्या कीटकनाशकांसाठी असतं. रिकामं पिपेट (औषधाची छोटी नळी) आणि खोकं सोबत न्या. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मांजरं एक ते तीन दिवसांत सावरतात.

‘थोडंसंच लावलं होतं’ यावर विसंबू नका. कुत्र्यांच्या काही पिपेटमध्ये परमेथ्रिन ५० टक्के असतं, म्हणजे १ मिलीमध्ये ५०० मिलिग्रॅम. चार किलोच्या मांजरीला तेवढ्यात किलोमागे १२५ मिलिग्रॅम पडतं, आणि १०० सुद्धा जिवावर बेतू शकतं. कुत्र्याचं यकृत हे औषध मोडून बाहेर टाकतं, मांजरीच्या यकृताला ते नीट जमत नाही. गुरांच्या गोचिडांवरचं डेल्टामेथ्रिन त्याच कुळातलं, तेही पाण्यात मिसळून मांजरीला लावू नये.

खोक्यावर मांजराचं चित्र असेल आणि घटक फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असेल, तर तिने ते चाटल्यामुळे फेसाळ लाळ आली असण्याची शक्यता जास्त. औषध कडू असतं. ही लाळ थोड्या वेळात थांबते आणि थरथर नसते. थरथर असेल तर मात्र औषध कुठलंही असो, दवाखान्यात न्याच.

यापुढे मांजरीसाठी तिच्या वजनाचंच पिपेट घ्या आणि ते मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर टाका. घरात कुत्राही असेल आणि त्याला परमेथ्रिन लावलं असेल, तर दोन-तीन दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. मांजर त्याला चाटते, त्याच्या अंथरुणात झोपते, आणि तेवढ्यानेही विषबाधा होते.