एचओ (१:८७ प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेचं) इंजिन चालतं, दिवा लागतो, पण धूर येत नाही आणि मधूनच अडखळतं. काय तपासू?

आधी धूर काढणाऱ्या नळीतलं तेल कमी करून बघा. झॉइटे (Seuthe) कंपनीच्या जर्मन धूरनळीसारख्या नळीत मधोमध एक बारीक नळी असते. तिच्यातलं तेल तापून वर फेकलं जातं, तोच धूर. धूरनळी काठोकाठ भरली की हे घडतच नाही. टिश्यूपेपरच्या वातीने जास्तीचं तेल टिपून घ्या, थोडेच थेंब राहू द्या. कोरडी मात्र कधीच तापवू नका, आतली तापणारी तार जळू शकते. तार तुटली का हे मल्टिमीटर सांगतो: इंजिनपासून सोडवलेल्या नळीच्या दोन टोकांत रोध अनंत दाखवला, तर नळीच बदला.

साध्या डीसीवर रुळातला व्होल्टेज वेगानुसार बदलतो. त्यामुळे हळू चालताना धूर नसणं हा बिघाड नव्हे. डीसीसी (रुळांतून इंजिनाला डिजिटल आज्ञा देणारी पद्धत) असेल तर डीकोडरचं, म्हणजे त्या आज्ञा वाचणाऱ्या इंजिनातल्या सर्किटचं, आउटपुट धूरनळीचा करंट पेलतं का, हे नक्की पाहा. माझ्या मते बहुतेक डीकोडर इथेच जळतात!

अडखळण्याचं कारण बहुधा सांडलेलं तेलच. त्यावर धूळ बसून चाकांवर काळा थर धरतो. इंजिन थंड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाकं, वीज घेणाऱ्या पट्ट्या आणि रूळ पुसा. सँडपेपर नको, ओरखड्यांत मळ आणखी साचतो.