जुनी सायकल घेताना आधी सीट काढून बघ

रंगाच्या चकाकीवर जाऊ नकोस. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, पूर्ण बाहेर काढ आणि मोबाइलच्या टॉर्चने नळीत बघ. पावसाचं पाणी तिथून उतरून खाली पेडलचे दांडे ज्या एक्सलला जोडलेले असतात तिथे साठतं, फ्रेम आतून तिथेच सडते. इगतपुरी-त्र्यंबककडे वापरलेली सायकल असेल तर हे नक्कीच कर, तिकडचा पाऊस नाशिक शहरापेक्षा कितीतरी जास्त. सीटपोस्ट जाम असेल तर सरळ नको म्हण. वरवरचा तांबूस थर पॉलिश पेपरने निघतो, त्याला घाबरू नकोस. पण वेल्डिंगपाशी रंग फुगलेला असेल, खाली खड्डे पडले असतील, तर फुकट मिळाली तरी घेऊ नकोस; उतारावर फ्रेम तुटली तर जिवावर बेततं. नुकताच रंग मारलेला दिसला तर मी जास्तच संशय घेतो. लोहचुंबक चिकटलं नाही तर फ्रेम बहुधा ॲल्युमिनियमची, मग गंजाऐवजी जोडांवर तडे शोध.